विंचूरकरांचे घोडे गारद्यांच्या पुढे का गेले?

सातारी_कंदी

परवा मुलाच्या चाचणीत पाच मार्कांचा प्रश्न होता: पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा. उत्तर आपल्याला पाठच असतं. अन्नटंचाई, बुणगे, विश्वासरावांना लागलेली गोळी, हत्तीवरून उतरलेले भाऊ. हे सगळं मी त्याच्याकडून घोकून घेतलं. पोरगं आठवीत आहे. सगळं ऐकून म्हणालं, "बाबा, आपल्याकडे तोफा होत्या, बंदूकवाले होते, घोडेस्वार होते. मग सगळ्यांनी एकदम मारायचं ना!"

मी म्हटलं, एकदमच मारायचं ठरलं होतं. गोलाची लढाई ठरली होती. तोफखाना आणि गारदी (कवायती बंदूकवाले पायदळ) पुढे, घोडदळ राखून ठेवायचं, आणि सगळा गोल तसाच हलवत न्यायचा. पण विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार मधेच पुढे घुसले आणि इब्राहिमखानाच्या गारद्यांना गोळीबार थांबवावा लागला, अशी हकीकत आपण वाचत आलोय.

"मग ते पुढे का गेले?"

इथे माझी गाडी अडली. प्रश्न फक्त पानिपतचा नाही. पायदळ, घोडदळ, तोफखाना अशी वेगवेगळी माणसं एका लढाईत एकत्र वापरणं सगळीकडेच इतकं अवघड होतं, की आपल्यालाच जमलं नाही? जाणकारांनी लिहावं. पोराला उत्तर द्यायचंय.

टवाळ_गडी

पानिपतचा धागा! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तीनशे प्रतिसाद नक्की.

बखरबहाद्दर

धागा चांगला आहे, आधी थोडी मांडणी करतो.

१४ जानेवारी १७६१. आपल्या डाव्या बाजूला इब्राहिमखान, त्याला लागून दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर. मधे भाऊसाहेब आणि विश्वासराव हुजुरातीसह, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेसह. उजवीकडे जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर वगैरे. इब्राहिमखानासमोर अब्दालीच्या बाजूचे रोहिले पठाण होते, हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांचे.

काशिराज पंडित शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या बाजूने पाहत होता. त्याच्या हकीकतीत इब्राहिमखानाने काय केलं ते स्पष्ट आहे. दोन पलटणी त्याने तिरक्या उभ्या केल्या, बगलेवर कोणी येऊ नये म्हणून. उरलेल्या सात घेऊन तो रोहिल्यांवर संगिनीने चालून गेला. रोहिल्यांची दाणादाण उडाली. पण गारद्यांच्याही सहा पलटणी जवळजवळ संपल्या. हे वाक्य लक्षात ठेवा. बगल सांभाळायला त्याला स्वतःच्याच दोन पलटणी ठेवाव्या लागल्या, आणि ते काम खरं तर शेजारच्या घोडदळाचं होतं.

दुसरी गोष्ट तोफांची. काशिराज म्हणतो की मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड, त्यांचा नेम पटकन खालीवर करता येत नव्हता. शत्रू जवळ आला तसे गोळे डोक्यावरून जाऊ लागले. उलट अब्दालीकडे सुमारे दोन हजार उंट होते, प्रत्येकावर दोन माणसं आणि जंबुरके. तोफ उंटाबरोबर चालते, हवी तिथे नेता येते. जंबूर म्हणजे गांधीलमाशी. नाव फार समर्पक आहे.

विंचूरकरांच्या मुसंडीची गोष्ट बखरींतून आणि पुढच्या लेखनातून आलेली आहे. तिच्या तपशिलावर वाद घालता येतो. डाव्या बाजूला गारदी आणि स्वार यांचा मेळ बसला नाही, यावर फारसा घालता येत नाही.

कोकणी_फणस

मुळात गारदी आणलेच कशाला हा प्रश्न आहे. आपली ताकद गनिमी काव्यात. पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावांनी काय केलं? तोफखाना नाही, बाजारबुणगे नाहीत, नुसते घोडे. निजामाला इतकं पळवलं की त्याच्या जड तोफा मागे राहिल्या आणि तो पाण्यावाचून अडकला. मुंगी-शेवगावचा तह करूनच सुटला. सूरजमल आणि मल्हारराव भाऊंना हेच सांगत होते, जड सामान आणि बायकामुलं मागे ठेवा. ऐकलं नाही.

बखरबहाद्दर

@कोकणी_फणस, पालखेड मान्य. पण उदगीर विसरलात. फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाला नमवलं त्यात इब्राहिमखानाच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. भाऊंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर्षभरात पानिपतावर उभे होते. त्यांना पलटणींवर विश्वास वाटला तर नवल काय? शिवाय पालखेडला तुम्ही म्हणता ते "नुसते घोडे" यशस्वी झाले कारण निजामाचे घोडे आणि तोफा एकमेकांपासून तुटल्या. म्हणजे एकत्र वापरण्याचं महत्त्व शत्रूच्या बाजूने सिद्ध झालं.

कोकणी_फणस

आणि महाराज? नुसतं घोडदळ म्हणू नका, तिथे आमचे हेटकरी होते! बंदुकीचा नेम म्हणजे कोकणी माणसाचा. प्रतापगड घ्या, १० नोव्हेंबर १६५९. जावळीच्या रानात पायदळ दबा धरून, इशारतीच्या तोफेबरोबर खाली उतरलं, आणि नेताजी पालकरांचं घोडदळ अफजलखानाच्या वाईच्या तळाकडे. रानात घोडा निरुपयोगी, मोकळ्यावर मावळा उघडा. ज्याला जिथे जमेल तिथे त्याला वापरलं. याला म्हणतात एकत्र वापरणं.

बखरबहाद्दर

हे मात्र शंभर टक्के. फक्त एक फरक. तिथे दोघे एकमेकांच्या नजरेआड, वेगळ्या जागी लढले. एकाच मैदानात, शंभर हातांवर एकमेकांशेजारी लढायचं असतं तेव्हा गोंधळ सुरू होतो.

नादखुळा

हे मला एकदम समजलं. मी ढोल पथकात आहे. मिरवणुकीत पुढे ध्वज, मग ताशे, मग ढोल, मग टोल. तालमीत सगळं सुंदर. मिरवणुकीत काय होतं? ध्वजवाल्या पोरांच्या अंगात येतं, ती नाचत नाचत वीस पावलं पुढे जातात. ढोलवाल्याच्या कमरेला ओझं, तो पळू शकत नाही. मधे मोकळी जागा पडते आणि त्या जागेत मागून येणारी गर्दी घुसते. मग ताशेवाल्याला ढोल ऐकू येत नाही आणि ताल जातो. आमचे दादा शिट्टी मारून मारून घसा कोरडा करतात, पण पुढच्याला मागचं दिसतच नाही.

विंचूरकर बहुतेक ध्वजवाले होते.

टवाळ_गडी

@नादखुळा, वाचनखूण साठवली आहे. इतिहासाच्या पेपरात लिहिणार.

दूरदेशी

सध्या बेल्जियममध्ये असतो म्हणून वॉटर्लूचं मैदान दोनदा पाहिलंय. तिथे मातीची एक टेकडी आहे, वर सिंह, २२६ पायऱ्या. वर धापा टाकत पोचलं की अख्खं मैदान दिसतं आणि पहिला विचार येतो, एवढंसंच?

सातारी_कंदी, आपल्यालाच जमलं नाही असं अजिबात नाही. तुमच्या पानिपतचा जुळा भाऊ फ्रान्समध्ये आहे. २६ ऑगस्ट १३४६, क्रेसी. फ्रेंचांनी जिनोआहून भाडोत्री धनुर्धारी आणले होते, आडव्या धनुष्याचे. त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानातच राहिल्या होत्या. इंग्रजांच्या बाणांपुढे ते टिकेनात आणि मागे फिरले. मागे फ्रेंच सरदार घोड्यांवर खोळंबले होते. त्यांना हा भित्र्या भाडोत्र्यांचा विश्वासघात वाटला आणि ते स्वतःच्याच धनुर्धाऱ्यांना तुडवत पुढे गेले. पुढे जाऊन त्याच बाणांना बळी पडले.

वॉटर्लूला, १८ जून १८१५ रोजी, फ्रेंचांचा मार्शल ने याने हजारो घोडेस्वार इंग्रजांवर सोडले. पुन्हा पुन्हा. इंग्रज पायदळाने चौकोन केले, चारही बाजूंना संगिनी. घोडा कितीही शिकवलेला असो, संगिनींच्या कुंपणावर उडी घेत नाही. तो वळसा घालून जातो आणि जाताना गोळ्या खातो. आता गंमत बघा. चौकोन म्हणजे दाटीवाटीने उभी असलेली माणसं, तोफेसाठी त्याहून चांगलं निशाण नाही. फ्रेंचांनी घोडदळाबरोबर घोड्यांवरच्या तोफा आणि मागोमाग पायदळ नेलं असतं तर चौकोन फुटले असते. घोड्यांच्या भीतीने चौकोन करावा तर तोफ मारते, तोफेच्या भीतीने पांगावं तर घोडा तुडवतो. शत्रूला या कात्रीत धरायचं हाच सगळा खेळ. मार्शल ने याने कात्रीचं एकच पातं नेलं.

चतुरंगी

दूरदेशी, कात्री आवडली. पण आपल्याकडे हे शब्दातच आहे की. चतुरंग. रथ, हत्ती, घोडा, पायदळ. अक्षौहिणी म्हणजे नुसता मोठा आकडा नसतो, ते प्रमाण आहे. सर्वांत लहान तुकडी "पत्ती": एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. तेच वाढवत नेलं की अक्षौहिणी: २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. प्रत्यक्षात कोणाकडे एवढं सैन्य असेल-नसेल तो भाग वेगळा. पण कल्पना बघा, मिश्रण अगदी तळाच्या तुकडीपासून आहे. हत्तींची एक वेगळी फौज आणि घोड्यांची वेगळी फौज अशी नाही. दहा जणांतच चारही अंगं.

टवाळ_गडी

आणि बुद्धिबळात उंट तिरका जातो. अब्दालीने तिथूनच शिकलं असणार.

हिशेबनीस

सगळे डावपेचांवर बोलताय, पगारावर कोणी बोलत नाही. पेशाने लेखापरीक्षक असल्याने मला तेच दिसतं.

त्याच काशिराजाकडे एक प्रसंग आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे जातो आणि म्हणतो, माझ्या लोकांचा पगार दरमहा रोख मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो, त्यामुळे तुम्ही माझ्यावर बराच काळ नाराज होतात. या महिन्याचा मिळालेला नाही, तरी आज मी माझं काम करून दाखवतो. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, मथितार्थ हाच.

आता शेजारच्या स्वारांचा विचार करा. गारद्याला महिन्याचा पगार, बंदूक सरकारी, उभा राहायचं तिथे उभा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. घोडा मेला की संसार बुडाला. सरदाराला सरंजाम, म्हणजे मुलखाच्या वसुलीतून फौज पोसायची. आणि वरकमाई लुटीची. समोरचा शत्रू मोडलेला दिसला की जो आधी पोचेल त्याचा हात आधी मारतो. सात पलटणी रोहिल्यांना ढकलत नेताहेत, रोहिले पळू लागलेत, मागे आपण घोड्यावर बसून बघतोय आणि श्रेय व लूट दोन्ही गारद्यांच्या घरात चाललंय. कोण थांबेल? विंचूरकर मूर्ख नव्हते. त्यांच्या हिशेबात ते बरोबर होते. हिशेबच दोन होते.

बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार) आणि शिलेदार यांतला फरक महाराजांनी का इतका जपला, घोडा सरकारी पागेचा का ठेवला, ते इथे कळतं. सभासद बखरीत तर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमून दिलाय. पाणी आणि नाल. लूट सरकारजमा. हे ज्याने लिहून ठेवलं त्याला सैन्य कळलं होतं.

विंचूरशेजारी

आमचं गाव विंचूरपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून बोलणं भाग आहे. पानिपतनंतर इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला जाऊन मारला गेला, त्यामुळे तो हुतात्मा. विठ्ठल शिवदेव जिवंत परतले, त्यामुळे ते दोषी. दमाजी परतले, मल्हारराव परतले, तेही दोषी. जो परत येतो त्याच्यावर खापर, हा आपला जुना छंद. मेलेल्याची चौकशी कोणी करत नाही.

आणि गारद्यांनी तरी स्वारांना कधी विचारात घेतलं? दोन्ही बाजू एकमेकांबरोबर किती वेळा सराव करायच्या ते सांगा.

बखरबहाद्दर

@विंचूरशेजारी, हा मुद्दा दमदार आहे आणि मी माझं आधीचं वाक्य थोडं मागे घेतो. "घोडदळाचं काम होतं" असं मी म्हणालो, पण ते काम त्यांना कोणी शिकवलं होतं का हे मी विचारलं नाही.

निवृत्त_गोलंदाज

(नाव वाचून क्रिकेटचं विचारू नका. गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा टाकणारा, तुमच्या बुमराहच्या किती तरी आधीपासून.)

तोफखान्यात चोवीस वर्षं काढली, देवळालीला शिकलो. सरावाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो.

पायदळाची कंपनी चढाई करते तेव्हा तोफखान्याचा एक अधिकारी तिच्याबरोबर चालतो. त्याला आम्ही ओपी म्हणतो. तो पायदळवाल्यांबरोबर खातो, झोपतो, त्यांच्याच खंदकात. हातात नकाशा, दुर्बीण, पाठीवर किंवा सोबत्याकडे रेडिओ. तोफा मैलोगणती मागे, त्यांना काही दिसत नाही. तो बोलतो तिथे गोळा पडतो. गोळा पडत असतो तोवर शत्रू डोकं खाली घालतो. तेवढ्यात आपलं पायदळ पुढे सरकतं. इतकं पुढे की आता आणखी एक गोळा आला तर आपल्याच पोरांना छर्रे लागतील. त्या क्षणी फायर उचलायचा, पुढच्या निशाणावर न्यायचा. आधी उचलला तर शत्रू डोकं वर काढून मशीनगन धरतो. उशिरा उचलला तर... समजून घ्या. हा सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा आहे.

कारगिलला मी नव्हतो. पण टायगर हिलच्या वेळी शंभरावर तोफा त्या एका शिखरावर बोलत होत्या आणि त्याच रात्री १८ ग्रेनेडियर्सची पोरं कडा चढत होती. दोन्ही एकाच वेळी. रेडिओ नसता तर कल्पनाच करवत नाही.

एकदा सरावात आमच्या एका नव्या साहेबांनी आकड्यांची अदलाबदल केली. दोनच आकडे. गोळा भलत्याच टेकडीवर गेला. कुणाला काही झालं नाही, पण मागून बॅटरी कमांडर जे बोलले ते इथले संपादक छापू देणार नाहीत.

आता सांगा, पानिपतावर त्या धुळीत आणि धुरात इब्राहिमखानाने विंचूरकरांना "थांबा, अजून आमचा बार चालू आहे" हे कसं सांगायचं? हरकारा पाठवून? तो पोचेपर्यंत घोडा अर्धा मैल गेला.

नादखुळा

शिट्टी! काका, मी म्हटलं होतं.

चतुरंगी

निवृत्त काका, साष्टांग नमस्कार. "त्यांच्याच खंदकात झोपतो" हे वाचून थांबले. पत्तीमध्ये हत्तीवाला आणि पाच पायदळ एकत्र जेवत असतील का?

निवृत्त_गोलंदाज

ताई, हत्तीच्या शेजारी कोण झोपेल!

नगरी_मिरची

आमच्या नगरचा मान राहू द्या. चिलखती दलाचं केंद्र नगरला, यांत्रिक पायदळाचं रेजिमेंटल सेंटरही नगरलाच. तोफखाना देवळालीला, सॅपर्स (सुरुंग काढणारे, पूल बांधणारे) खडकीला, मराठा लाइट इन्फंट्री बेळगावला. एसटीने दोन दिवसांत सगळी फौज गोळा होते.

रणगाड्यांचं संग्रहालय आहे आमच्याकडे, लहानपणी शाळेची सहल तिथेच. रणगाड्यात डोकावलं की कळतं, आतल्या माणसाला बाहेरचं किती कमी दिसतं. चिरेतून बघायचं. म्हणून पायदळ लागतं, डोळे म्हणून. ८ ऑक्टोबर १९७३ ला सुएझवर इस्रायलने नुसते रणगाडे पुढे घातले, पुरेसं पायदळ आणि तोफखाना नव्हता. वाळूत दबलेल्या इजिप्शियन पायदळाकडे रशियन सॅगर क्षेपणास्त्रं होती. रणगाड्यांचं काय झालं ते विचारू नका. एका तुकडीचा प्रमुख तर कैद झाला. सहा वर्षांपूर्वी जिंकलेल्या सैन्याला वाटलं रणगाडे पुरतात.

उलट उदाहरण आपलं, बसंतर, डिसेंबर १९७१. पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले होते, सॅपर्स सुरुंगातून वाट काढत होते, वाट पुरी झाली नव्हती आणि पाकिस्तानी रणगाडे येताहेत असा पायदळाचा निरोप आला. पूना हॉर्स ही आपली रणगाड्यांची रेजिमेंट अर्धवट साफ झालेल्या वाटेने तशीच पुढे गेली. अरुण खेतरपाल तिथेच परमवीर झाले. तिथे तिन्ही जण एकमेकांसाठी धावले.

टवाळ_गडी

नगरहून बेळगावला एसटीने दोन दिवस? आशावादी आहात. बाकी प्रतिसाद उत्तम.

भोकरदनकर

असईचं नाव निघालं नाही याचं वाईट वाटलं. पानिपतपेक्षा असई जास्त बोलकं आहे, कारण तोवर शिंद्यांकडे पलटणी होत्या, कवायत होती, शंभराच्या आसपास तोफा होत्या. तरी हरलो.

गाव आमच्या तालुक्यातलं. २३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं, दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच, माणसं ये-जा करतातच की. आणि तसंच निघालं. आम्हाला आजोबा नदीकाठी उभं करून हे दाखवायचे. पावसाळ्यानंतर तिथे आजही गुडघाभर पाणी असतं, बैलगाडी जाते.

तर तो नदी उतरून बगलेवर आला. शिंद्यांचं पायदळ पोलमान नावाच्या जर्मन सेनापतीखाली होतं. त्याने सगळी रांग वळवून नवीन दिशेला उभी केली, आणि वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे पायदळ उत्तम. गोलंदाज तर असे चिवट की मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा फिरवल्या. कंपनीची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, मैदानातल्या फौजेच्या मानाने हे प्रचंड होतं.

आणि आपलं घोडदळ? तीस-चाळीस हजार स्वार होते म्हणतात. असई गावाकडे भरकटलेल्या ७४ व्या रेजिमेंटवर काही स्वार पडले, तिला जवळजवळ संपवलं. मग कंपनीचं जेमतेम घोडदळ, १९ वी ड्रॅगून्स, वेळेवर येऊन धडकली. बाकीचे आपले स्वार बघत राहिले. पायदळ युरोपियन साहेबांचं, घोडदळ सरदारांचं. लढाईआधी शिंद्यांच्या कंपूतले (कवायती फौजेतले) बरेच इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेलेले. एका हुकमाखाली कोणी नव्हतंच.

पानिपतला घोडे फार लवकर गेले, असईला गेलेच नाहीत.

टवाळ_गडी

शिंद्यांचे कंपू! म्हणजे इथली कंपूबाजी ऐतिहासिक आहे तर.

संपादक

कंपूबाजीचा विषय इथेच थांबवावा. आघाडी-पिछाडीवरून आलेले दोन राजकीय प्रतिसाद उडवले आहेत.

दूरदेशी

भोकरदनकर, फार सुंदर. उताराची गोष्ट मी इंग्रजी पुस्तकांत वाचली होती, पण बैलगाडी जाते हे तिथल्या माणसालाच माहीत.

एक शंका हिशेबनीस आणि तुम्हाला. एक हुकूम, एक पगार, एक भाषा हवी असं वाटतं खरं. पण रोमशी लढणाऱ्या कार्थेजच्या हॅनिबलचं काय? इ. स. पूर्व २१६, कॅनी. मधे गॉल आणि स्पॅनिश, दोन्ही टोकांना लिबियन पायदळ, एका बाजूला हलके नुमिडियन स्वार, दुसरीकडे गॉल-स्पॅनिश जड घोडदळ. भाषा वेगळ्या, हत्यारं वेगळी, पगाराच्या सवयी वेगळ्या. मधली रांग मुद्दाम मागे हटली, रोमन आत ओढले गेले, लिबियन दोन्हीकडून वळले, आणि रोमन घोडदळाला पळवून आलेले स्वार पाठीमागून धडकले. विंचूरकरांसारखे ते पळणाऱ्यांच्या मागे लुटायला गेले असते तर कॅनी झालीच नसती. ते परत फिरले. कसे काय फिरले?

हिशेबनीस

चांगलं अडवलंत. माझ्या मते सवय. आल्प्स ओलांडून ते दोन वर्षं इटलीत एकत्र होते, घर लांब, परतीचा रस्ता नाही, आणि सेनापती एकच. भाऊसाहेब आणि इब्राहिमखान यांची सोबत किती? वर्षभराची. होळकर आणि गारदी यांची तर त्याहून कमी.

बाय द वे, अब्दालीच्या बाजूलाही हेच. त्याचा वजीर शाहवलीखान लढाईत घोड्यावरून उतरून तोंडात माती घालत होता आणि पळणाऱ्यांना ओरडून सांगत होता की आपला मुलूख लांब आहे, पळून जाल कुठे. घर लांब असण्याचा पगारापेक्षा जास्त उपयोग होतो कधी कधी.

बखरबहाद्दर

आणि अब्दालीने राखीव फौज ठेवली होती हे विसरू नका. पळालेल्यांना तळातून हाकलून परत आणायला माणसं पाठवली, ताजे स्वार आणि जंबुरके दुपारनंतर आत घातले. आपल्याकडे राखीव काही उरलंच नव्हतं.

त्याच मैदानावर १५२६ मध्ये बाबराने सातशे गाड्या चामड्याच्या दोऱ्यांनी बांधून भिंत केली, मधे बंदूकवाले आणि तोफा, आणि गाड्यांमधे मुद्दाम वाटा सोडल्या घोडेस्वारांना बाहेर पडायला. दोन्ही टोकांच्या टोळ्या वळसा घालून लोदीच्या मागे. घोडा कुठून बाहेर पडणार हे तिथे आधी ठरलेलं होतं, दोरीने बांधून. गोलाच्या लढाईत ती वाट कुठे होती?

विंचूरशेजारी

हे पटलं. वाट ठेवली नव्हती म्हणून स्वार मधून घुसले. निदान आमच्या विठ्ठल शिवदेवांना बेनिफिट ऑफ डाउट मिळाला.

कोकणी_फणस

माझं मत अजूनही तेच आहे, नुसते घोडे बरे. पण वाद घालायला मजा आली.

सातारी_कंदी

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना पोराला ढोल पथक, ओपी आणि दोन हिशेब एवढं सांगितलं. ढोल पथक लगेच पोचलं, कारण गेल्या वर्षी त्याच्या शाळेच्या लेझीममध्ये असंच झालं होतं. "म्हणजे विंचूरकरांना मागचं ऐकू येत नव्हतं आणि त्यांना थांबायचं पण नव्हतं," म्हणाला. मी म्हटलं, हो, तेवढं लिही.

चाचणीत अर्थातच अन्नटंचाई लिहिली, पाचपैकी चार मिळाले. आता त्याचा नवा प्रश्न आहे आणि मी पुन्हा अडलोय: उंटावरची तोफ उंट चालत असताना उडवायचे की बसवून?

निवृत्त_गोलंदाज

बहुतेक वेळा बसवून. गुडघे मुडपून उंट बसला की स्थिर राहतो, नेमही बरा लागतो. पण मी उंट असतो तर पहिल्या बारानंतर उठून थेट काबूलला गेलो असतो.

टवाळ_गडी

काका, शाहवलीखान तुमच्यासाठीच ओरडत होता.